दुखत नाही, ओढतं

शहरातले टेलिफोनचे नंबर पाच आकड्यांवरून सहा आकड्यांवर गेले, ते साल एकोणीसशे शहाऐंशी. गल्लीत टेलिफोन एकच होता, औषधांच्या दुकानात, पण नंबर बदलल्याचं अप्रूप सगळ्या गल्लीला सारखंच. त्याच वर्षी ड्रायव्हरचं अपील सुनावणीला लागलं आणि त्याच वर्षी मास्तरच्या अंगठ्यांनी कुरकुर सुरू केली.

मास्तर म्हणजे ड्रायव्हरची बायको. शिवणकाम करणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, मग बाईला का नको, असं कोणीतरी कधीतरी गमतीनं म्हणालं आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पुढं नवरासुद्धा त्याच नावानं हाक मारायला लागला. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, त्याच्या पलीकडं कापायचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले अर्धेमुर्धे कोट. कोटाचं अस्तर बसवावं ते तिनंच, असं लांबलांबचे लोक म्हणत. आणि आतल्या खोलीच्या दाराशी एक बुटकं स्टूल असे. ते शिवणाच्या कामाचं नव्हतं. ते ड्रायव्हरचं.

ड्रायव्हर लष्करात ट्रक चालवायचा. तो भाजला तो लढाईत नव्हे, लढाई संपल्यावर. तळावर इंधनाचा टँकर रिकामा करताना भडका उडाला आणि याचा उजवा खांदा, काख आणि मानेची एक बाजू होरपळून निघाली. शौर्याचं त्यात काही नव्हतं असं तो स्वतःच सांगे. "शत्रू केव्हाच घरी गेला होता. मला आमच्याच टँकरनं धरलं." लष्करानं त्याला बरा केला, जखमी सैनिकांना मिळतो तो लाभ सगळ्यात खालच्या श्रेणीत लावून दिला आणि घरी पाठवलं. त्यानंतर बरीच वर्षं त्यानं मालाची गाडी चालवली. पण भाजलेल्या कातडीचं असं असतं की ती वयाबरोबर आटत जाते. काखेतून दंडाकडं कातडीचा एक जाड दोर उठून आला. आधी स्टिअरिंग पुरतं फिरेना, मग खिडकीबाहेर हात काढता येईना. शेवटी गाडी सुटली आणि तो एका गोदामाच्या फाटकावर, दुसऱ्यांच्या गाड्या आत घ्यायला बसला.

रोज सकाळी तो स्टुलावर उघडा बसे. मास्तर तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करून आणी आणि मागं उभी राहून तो दोर दोन्ही अंगठ्यांनी चोळायला घेई. वरून खाली, मग आडवं, मग कातडी चिमटीत धरून हलकेच सोडवायची. जशी ओल्या कापडाला पडलेली चुणी काढावी तसं. हे तिला इस्पितळातल्या एका परिचारिकेनं शिकवलं होतं. पण त्याला आता इतका काळ लोटला होता की निम्मं परिचारिकेचं आणि निम्मं तिचं स्वतःचं झालं होतं. चोळून झालं की तो उठून दाराच्या चौकटीला हात लावी आणि बोटं चढवत चढवत जाईल तितका वर नेई. जिथं बोटं थांबत तिथं मास्तर कापडावर आखायच्या खडूनं रेघ ओढी. लोक मुलांची उंची दारावर मोजतात, यांच्या घरी नवऱ्याचा हात मोजला जाई.

"कालच्यापेक्षा वर आहे," ती म्हणे.

"खडू तुझ्या हातात, तू म्हणशील ते खरं," तो म्हणे.

एवढंच. दिवसभरात त्या दोघांचं याहून जास्त बोलणं क्वचित होई. ड्रायव्हर मुळात अबोल, आणि अंगावरचा वण कोणाला दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही कॉलरचं वरचं बटण लावणारा माणूस. त्या स्टुलावर मात्र तो डोळे मिटून मान खाली घालून बसे, आणि मास्तरला वाटे, हा माणूस आपल्याला खरा भेटतो तो इथंच.

घरात तिसरं माणूस म्हणजे नणंद. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि दिवसभर अनोळखी लोकांशी गोड बोलून आल्यामुळं घरी आल्यावर गोड बोलायची तिची इच्छा संपलेली असे. गोष्ट खरी तर तिनंच पहिली ओळखली.

"वहिनी, चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी कधीपासून धरायला लागलात?"

"गरम आहे म्हणून, वन्सं."

"गार झाल्यावरही धरता. मी बघतेय. दाखवा अंगठे."

अंगठ्यांच्या बुडाशी सांधे फुगले होते. सकाळी बरणीचं झाकण निघत नसे. कात्री लावली की मनगटापर्यंत चमक जाई. मास्तर म्हणाली, वय आहे, चालायचंच. दादाला सांगू का असं नणंदेनं विचारल्यावर मात्र तिनं तिचं मनगटच धरलं. "त्यांना कळलं तर ते स्टुलावर बसणार नाहीत. आणि बसले नाहीत तर महिन्याभरात हात अंगाला चिकटेल. तुम्ही शपथेवर गप्प राहा."

नणंद गप्प राहिली. तिला ते फार जड गेलं असणार.

श्रेणी वाढवून मागायचा विषय निघाला तो यातूनच. वरची श्रेणी मिळाली तर लष्कराच्या इस्पितळात कायमचे उपचार मिळत होते: मालीश करणारा शिकलेला माणूस, व्यायाम, जरूर पडली तर तो दोर सोडवायची शस्त्रक्रिया. खालच्या श्रेणीला फक्त वर्षाकाठी तपासणी. आपले हात पुरते जायच्या आत नवऱ्याला तिथं पोचवायचं, एवढंच मास्तरच्या डोक्यात होतं. नवऱ्याला तिनं सांगितलं की अर्ज करून बघू, मिळालं तर मिळालं. तोही तयार झाला, अगदीच नाही म्हणायला काही कारण नव्हतं म्हणून.

पहिल्या तपासणीला तिनं त्याला कसं तयार केलं ते आठवलं की पुढं तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. त्या काळी माणसं दवाखान्यात जाताना लग्नाला जावं तशी जात. डॉक्टरपुढं गबाळं कसं जायचं? तिनं त्या सकाळी रोजच्यापेक्षा जास्त वेळ तेल लावलं, वण मऊसूत केला, कोमट पाण्यानं पुसला, इस्त्रीचा शर्ट चढवला, भांग पाडून दिला. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं वणावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "वा. इतका छान बरा झालेला वण मी पाहिला नव्हता." त्यानं हात वर करायला लावला. हात बराच वर गेला. "दुखतं का?"

"नाही, साहेब. ठीक आहे."

ड्रायव्हर लष्करात एवढं एकच उत्तर शिकला होता. वरिष्ठानं विचारलं की ठीक आहे. पाऊल मुरगळलं तरी ठीक आहे.

"काही त्रास?"

"ठीक आहे, साहेब. जरा ओढतं."

"ओढतं म्हणजे?"

"म्हणजे… काही नाही, साहेब."

आणि मास्तर, बाजूच्या खुर्चीत बसलेली, मनातून फुलून गेली होती. बरोबरच होतं. छान बरा झालेला वण, असं शिकलेला माणूस म्हणत होता. ती कामाची शाबासकी होती आणि तिला अशी शाबासकी कोणी दिली नव्हती.

महिन्याभरानं निर्णय आला: वण भरलेला, मऊ, वेदनारहित, हालचालीत म्हणावा असा अडथळा नाही. श्रेणी आहे तीच. मास्तरनं अपील लावलं.

माजी सैनिकांच्या संघटनेत एक गृहस्थ होते, त्यांना सगळे अपीलकाका म्हणत. तोफांच्या आवाजानं त्यांचा एक कान गेला होता आणि त्या एका कानासाठी त्यांनी इतकी वर्षं इतकी अपिलं केली की त्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ झाला. ते घरी आले, चांगला कान मास्तरकडं करून बसले, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. ही केस तुम्ही हरवलीत."

"मी?"

"तुम्ही. तपासणीचं बोर्ड काय बघतं? वण दुखतो का, फुटतो का, हात अडतो का. तुम्ही दुखू देत नाही, फुटू देत नाही, अडू देत नाही. त्यांना दिसतो बरा झालेला माणूस."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"काही नाही," अपीलकाका म्हणाले. "हेच. काही करायचं नाही. सुनावणीपर्यंत तेल बंद. आहे ते आहे तसं दिसू द्या. हे अपील शेवटचं आहे वहिनी, याच्यानंतर दार बंद."

ड्रायव्हरनं काकांना दारापर्यंत सोडलं. काका गेल्यावर म्हणाला, "मी सोंग करणार नाही."

"सोंग कुठलं त्यात?"

"बरा असलेला माणूस आजारी करून न्यायचा. सोंग नाही तर काय?"

मास्तर मशीनवर बसली होती. तिनं सुईखालचं कापड काढून घेतलं. "अहो, बरं असल्याचं सोंग आपण किती वर्षं करतोय? तेल लावते म्हणून बरं दिसतं. तेलाखाली जे आहे ते तुमचंच आहे ना?"

त्यानं कॉलरचं बटण चाचपलं. मग म्हणाला, "तुला एवढी श्रेणी कशाला हवी झाली एकदम?"

तेव्हा सांगायला हवं होतं. स्वयंपाकघराच्या दारात नणंद येऊन उभी राहिली होती, डोळ्यांनी बोला बोला म्हणत होती. मास्तर म्हणाली, "हवी झाली. इतकी वर्षं काही मागितलं नाही तुमच्याकडं. हे मागते."

आणि तेल बंद झालं.

पहिले काही दिवस काही झालं नाही. ड्रायव्हर सवयीनं सकाळी येऊन स्टुलावर बसे, मग आठवण होऊन उठे. मास्तरही सवयीनं पाणी तापवायला ठेवी आणि मग त्याच पाण्याचा चहा करी. "घरात चहा वाढलाय," नणंद म्हणाली, "बोर्डाला हेही सांगा."

मग कातडी खरखरीत झाली. मग पांढरट पडली, मानेपाशी भेगा दिसायला लागल्या. चौकटीवरची रेघ खाली आली, पुन्हा खाली आली. पुढं मास्तरनं खडू हातात घेणंच सोडलं. त्याला भांग पाडता येईना. शर्ट घालताना आधी उजवा हात बाहीत सरकवायचा आणि मग बाकीचं अंग त्याच्यामागं न्यायचं, असं तो स्वतःच शिकला. तिनं मदतीला हात पुढं केला तर म्हणे, "राहू दे. तुझा हात लागला तर बरं होईल. बरं व्हायचं नाहीये ना आपल्याला." बोलण्यात विष नव्हतं, पण थट्टाही नव्हती. गोदामातून तो उशिरा यायला लागला. एकदा नणंदेनं विचारलं, दादा, जेवण गार झालं, होता कुठं? तर म्हणाला, "तू एक्स्चेंजमध्ये विचार, तुला सगळ्यांचं कळतं." त्यावर नणंदसुद्धा हसली नाही.

आणि यात मास्तरला जे सहन होईना ते वेगळंच होतं. तिचे अंगठे बरे होत होते.

ते तिला एका सकाळी बरणीचं झाकण सहज निघालं तेव्हा कळलं. सूज उतरली होती. कात्री सरळ चालत होती. मोठ्या कोटाचं अस्तर तिनं एका बैठकीत लावलं आणि मनगटात चमक आली नाही. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबरोबर ती जागच्या जागी थिजली. आतल्या खोलीत नवरा खोकला तरी वण ताणला जाऊन कण्हत होता आणि इथं हिचे हात आरामात होते. एकाच्या अंगचं दुसऱ्याच्या अंगावर गेलं होतं, आणि तराजू तिच्या हातात होता. कोणाला सांगावं असं हे नव्हतं. तिनं उरलेलं अस्तर मुद्दाम जाड सुईनं, जोर लावून शिवलं. बोटं पुन्हा दुखली तेव्हा तिला थोडं हलकं वाटलं, आणि मग आपण काय वेड्यासारखं करतोय असं वाटून तिनं मशीनवर झाकण घातलं.

सुनावणीला आठवडा राहिला असेल. रविवार होता, दुपारची वेळ. आतल्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून ती गेली. ड्रायव्हर जमिनीवर बसला होता, स्टूल आडवं पडलेलं. बनियन अर्धवट वर गेलेला आणि काखेशी अडकलेला. कातडी फुटून बनियन तिला चिकटला होता, आणि तो डाव्या हातानं तो ओढून काढायला बघत होता. मुकाट्यानं. चेहऱ्यावर घाम होता, पण आवाज नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "कात्री आण."

तिनं कात्री आणली. बनियन बाजूनं कापला. चिकटलेल्या जागी कोमट पाण्याची पट्टी धरून बसली, कापड आपणहून सुटेपर्यंत. मग तिनं आतून तेलाची वाटी आणली.

"इतके दिवस फुकट जातील," तो म्हणाला.

"जाऊ देत."

"काका ओरडतील."

"त्यांना ओरडलेलं कुठं ऐकू येतं?"

तो हसला. हसताना वण ओढला गेला आणि त्यानं डोळे मिटले. मास्तरनं फुटलेल्या जागेच्या भोवतीनं, अगदी करंगळीनं तेल लावलं. त्याच्या मानेवर टपकन पाणी पडलं ते तेल नव्हे हे त्याला कळलं असणार.

अपीलकाका खरोखरच ओरडले. आठवड्याभरात भेग मिटली होती, कातडी पुन्हा मऊ व्हायला लागली होती, हात बऱ्यापैकी वर जात होता. "तुम्ही दोघं मिळून बोर्डाची बाजू मांडताय," असं म्हणून ते सुनावणीच्या दिवशी त्यांच्याबरोबर आले खरे, पण बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

सुनावणीची खोली लांबट होती. उंच खिडक्या, टेबलावर हिरवं कापड, त्याच्या एका कोपऱ्याची शिवण उसवलेली. मास्तरची नजर पहिली तिथं गेली. टेबलामागं तिघं: मधे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, आवाज खालच्या पट्टीतला, डाव्या हाताला वयस्क डॉक्टरीणबाई, उजवीकडचे गृहस्थ सारखी मान डोलवत, पण कशाला होकार देत होते ते कळत नव्हतं. कोपऱ्यात टंकलेखक. मास्तरनं त्या दिवशीही नवऱ्याला इस्त्रीचाच शर्ट घातला होता. गबाळं न्यायचं तिला दुसऱ्यांदाही जमलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी वण पाहिला, हात वर करून घेतला, कोन मोजायची पट्टी लावली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"वण दुखतो का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"कातडी फुटते?"

ड्रायव्हरनं क्षणभर विचार केला. खोटं त्याला बोलायचं नव्हतं. "आत्ता नाही, साहेब."

"एकूण कसं आहे?"

"ठीक आहे, साहेब."

टंकलेखकाचं यंत्र खडखडलं. ठीक आहे, असं त्यात उमटलं असणार. मास्तरला ते ऐकवेना. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, त्यांना ओढतं. दुखत नाही, ओढतं."

अध्यक्षांनी कागदाकडं पाहिलं. "बाई, दुखणं आहे, खाज आहे, फुटणं आहे. ओढणं असं इथं काही नाही."

"म्हणजे काय होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. प्रश्न खराच होता, उलटतपासणीचा नव्हता.

मास्तरनं टेबलाच्या उसवलेल्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "बाई, कोट असतो ना. वरचं कापड धडधाकट असतं, पण आतलं अस्तर पाण्यानं आटलं तर बाहेरून बघून काही कळत नाही. खुंटीवर कोट ठीक दिसतो. माणसानं अंगात घालून हात उचलला की सगळा कोटच वर येतो. तसं यांचं आहे. ताटातला घास उचलला तरी मान खाली येते. मी रोज तेल लावून अस्तर सैल करते. मधे लावलं नव्हतं, तर बनियन कापून काढावा लागला."

"मग लावत राहा की," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी ते सहज, चांगल्या मनानं म्हटलं. "इतकं चांगलं चाललंय घरच्या घरी."

उजवीकडच्या गृहस्थांनी मान डोलवली.

मास्तरनं नवऱ्याकडं पाहिलं. तो समोर भिंतीकडं बघत होता, लष्करात उभं राहतात तसा ताठ. आता बोलायचं तर त्याच्यासमोरच बोलावं लागणार होतं. नाही बोललं तर खोलीबाहेर गेल्यावर बोलण्याला काही अर्थ उरणार नव्हता. तिनं पुढं होऊन दोन्ही हात टेबलाच्या हिरव्या कापडावर ठेवले. आठवड्याच्या चोळण्यानं अंगठे पुन्हा सुजले होते.

"हे किती दिवस पुरतील, साहेब?" ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिचा उजवा अंगठा बुडाशी हलकेच दाबला. मास्तरनं श्वास आत ओढला. 

बोलला तो ड्रायव्हर. त्यानं भिंतीवरून नजर काढली होती आणि टेबलावरच्या त्या हातांकडं बघत होता, परक्या कोणाचे हात बघावेत तसा. "हे कधीपासून?"

"आहे थोडंसं," मास्तर म्हणाली. "ठीक आहे."

त्याचा चेहरा एकदम पडला. ते उत्तर त्याचं होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ते कसं लागतं हे त्याला तोवर माहीत नव्हतं. तो अध्यक्षांकडं वळला आणि त्याचा आवाज फाटला.

"साहेब, मघाचं खोडा. ठीक नाही. शर्टाचं बटण लावता येत नाही मला. मान वळत नाही. गाडी गेली म्हणून रोज फाटकावर बसून दुसऱ्यांचे हात बघतो. हे सगळं हिनं झाकलंय. ठीक नाही, साहेब."

टंकलेखकानं अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "लिहा."

ड्रायव्हरला इस्पितळात ठेवून, घरचं काहीही न लावता वण पाहायचा असं ठरलं. तेवढ्यानंच पुरेसं दिसलं. पुढच्या महिन्यात निर्णय आला, श्रेणी वाढली, उपचार मंजूर झाले. अपीलकाकांनी निर्णयाचा कागद चांगल्या कानाशी धरल्यासारखा मोठ्यानं वाचून दाखवला. "दैनंदिन गरजांसाठी दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून," अशी त्यातली ओळ होती. ड्रायव्हरनं ती पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या हातांवर," आणि उठून गोदामाला निघून गेला. सुटीचा दिवस होता.

सुनावणीच्या दिवशी घरी येतानाही तो बोलला नव्हता. बोलला तो दोन दिवसांनी, स्टुलापाशी. मास्तरनं वाटी आणली तर म्हणाला, "ठेव ते."

"इस्पितळात जागा मिळेपर्यंत तरी."

"नाही. तुझे हात मी इतकी वर्षं वापरले आणि तू मला कळू दिलं नाहीस. ठीक आहे म्हणणारा मी एकटाच असं वाटायचं, तर घरात दोघं तेच करत होतो." मग शर्ट उचलत, "तुझा राग नाही. पण आता तुझा हात लागला की मला तुझा अंगठाच दिसेल."

तिनं वाटी आत नेऊन ठेवली. जे मागितलं होतं ते मिळायची आता आशा होती, मग वाटी पुन्हा उचलून आणावीशी का वाटावी हे तिला सांगता आलं नसतं. नणंदेनंही त्या दिवशी चहावरून काही म्हटलं नाही.

इस्पितळात मालीश करणारा माणूस तरबेज होता. ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा बसनं जाई. पुढच्या वर्षी तो दोर कापून सोडवला, मांडीची कातडी लावली, हात पुष्कळ मोकळा झाला. भांग तो स्वतः पाडायला लागला. एकदा सकाळी त्यानं मास्तरला त्याच स्टुलावर बसवून तिच्या अंगठ्यांना तेल चोळायचा प्रयत्न केला. पण त्याची पकड स्टिअरिंगची. तिला कळ मस्तकात गेली. त्यानं विचारलं, बरं वाटतं का? ती म्हणाली, ठीक आहे. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि हात काढून घेतला. पुन्हा कधी तो प्रयत्न केला नाही.

अपीलकाकांना त्यांच्या कानाची वरची श्रेणी कधी मिळाली नाही. त्यांचं शेवटचं अपील चालू असतानाच ते गेले. दुसरा कानही तोवर गेला होता, म्हणजे जगले असते तर जिंकले असते असं नणंद म्हणे. बाहेरगावचे फोनही आपोआप लागायला लागले आणि नणंद लवकर निवृत्त झाली. घरात टेलिफोन आला तेव्हा तिनं त्याला हात लावायला चक्क नकार दिला. ती अजून आहे, वरच्या मजल्यावरच्या शाळकरी मुलींना चांगल्या आवाजात बोलायला शिकवते आणि बाकी सगळ्यांशी आपल्या आवाजात बोलते. डॉक्टरीणबाई पुढं अध्यक्ष झाल्या. त्यांनी तपासणीत एक प्रश्न वाढवला असं कानावर आलं: घरी कोण काय करतं? खरं-खोटं कोण जाणे.

ड्रायव्हर शस्त्रक्रियेनंतर सतरा-अठरा वर्षं जगला. गेला तो हृदयानं, वणाचा त्यात काही संबंध नव्हता. शेवटपर्यंत वरचं बटण मात्र लावूनच असे.

मास्तरनं मशीन विकलं नाही, पण त्यावर बसणं सोडलं. दोघींनी घराला रंग द्यायचा ठरवला तेव्हा रंगारी आतल्या दाराची चौकट घासायला लागला, आणि खडूच्या त्या फिकट रेघांवरून त्याचा हात गेला तशी मास्तर दुसऱ्या खोलीत गेली. मागच्या वर्षी हात फारच आखडले म्हणून नणंद तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं बोटं वाकवून पाहिली आणि विचारलं, "आजी, कुठं दुखतं?"

"दुखत नाही रे बाळा," ती म्हणाली. "ओढतं."

त्यानं काही गोळ्या लिहून दिल्या.